शेवटचा फेरा मालकाचा

अन्सारचाचांचं नाव पोलिसांच्या कागदावर चढलं ते माझ्यामुळं. मी त्यांची चुगली केली नव्हती. मी त्यांचं कौतुक केलं होतं, तेही मोबाइलवर. हल्ली माणसाचं वाटोळं करायला तेवढं पुरतं.

झालं असं. मी नांदगाव पेठेच्या एका कापडाच्या कंपनीत थान तपासायला आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात ड्यूटीवरून घरी आलो, दारात उभा राहिलो आणि आठवलं, की चावी डब्याच्या पिशवीत आहे आणि पिशवी कंपनीच्या बसमध्ये आहे. बस केव्हाच गेलेली. आई तेल्हाऱ्याला मामाकडे. शेजारच्या जयवंताकाकूंनी वरवंटा पुढं केला.

"घाल दोन टोले. कुलूप काय, बाजारात भेटतेच."

टोल्यानं कुलूप नाही, माझा अंगठा फुटला असता. मी गाडी काढली आणि राजापेठच्या रस्त्यावरून अन्सारचाचांना मागं बसवून आणलं. तिथं एका भिंतीला टेकून त्यांची लाकडी पेटी असते आणि वर पत्र्याची हातभर लांब चावी टांगलेली असते. वय पासष्टच्या आसपास, अंगानं काडी, चष्म्याची दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. दुसऱ्यांची कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा स्वतःचा चष्मा कधी दुरुस्त नसतो.

चाचा उकिडवे बसले. कापडाची गुंडाळी उलगडली, तिच्यातून दोन तारा काढल्या, कान कुलपाला लावला. जावई आजारी सासऱ्याची छाती ऐकतो तितक्या गंभीरपणानं. चार मिनिटं झाली असतील. आत काहीतरी सैल पडल्याचं मलाही कळलं. आणि नेमकं तेव्हाच त्यांनी हात काढून घेतले.

"फिरव."

"मी?"

"घर तुहं हाय का माहं? शेवटचा फेरा मालकाचा असते, बाबू."

मी तार फिरवली, कुलूप उघडलं. वळून पाहतो तर चाचा दाराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसलेले, तारा पुसत.

"चाचा, आत या ना, पाणी घ्या."

"पानी इकडंच आन."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी माझा कोयंडा ठोकून पाहिला. कोयंडा म्हणजे चौकटीवरचा तो लोखंडी कान, दाराची कडी त्याच्यावर बसते आणि कुलूप त्याच्यात लटकतं. चाचांनी तोंड वाकडं केलं.

"कुलूप सात लिव्हरचं, अन् लटकवलं कायच्यात? चार इस्क्रूत! पयलवानाले कागदाच्या खुर्चीवर बसवलं तुमी. हे इस्क्रू बाहेरून फिरतेत. इथं आरपार बोल्ट पायजे, अन् आतून नट. साऱ्या लाइनीत असंच हाय का?"

"बेचाळीस घरं. सगळ्यांचं एकदमच बसवलं मागच्या वर्षी, कॉलनीच्या सुरक्षा योजनेत."

"सुरक्षा," चाचा म्हणाले, आणि हसायला सुरुवात करून थांबले. "मंग सांग लोकायले. तुमचा मोबाइलचा ग्रुप असन ना? त्याच्यावर लिव. आजच लिव."

"लिहितो ना, चाचा."

आणि मी लिहिलं. 'मधुमालती कॉलनी परिवार' या ग्रुपवर मी लिहिलं: 'चावी हरवली तर घाबरू नका! राजापेठचे अन्सारचाचा कोणतंही कुलूप चार मिनिटांत उघडतात, कानाला आवाज नाही! अमरावतीच्या चोरांनी यांच्याकडे शिकवणी लावावी!' पुढं हसणारी तीन तोंडं. सत्तावीस जणांनी अंगठे दिले. मला इतकं बरं वाटलं, की इस्क्रूचं लिहायचं राहून गेलं.

चाचा मूळचे आमच्याच तेल्हाऱ्याचे. त्यांचे अब्बा कापसाच्या गोदामांची कुलपं पाहत. सरकी आणि धुळीनं ती कुलपं आतून चोंदायची. हंगामात रोज चार-पाच उघडून रॉकेलनं धुवावी लागायची. चाचा सातवीतून शाळा सोडून तिथं बसले. मी त्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलो, हे कळल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "वर्गाच्या कपाटाले अजून थेच पितळेचं कुलूप हाय का? चावी डावीकडं फिरते थे?" मला काय माहीत! मी त्या कपाटाकडे कधी पाहिलं नाही, आतल्या छडीकडे पाहिलं.

शेवटचा फेरा मालकाचा, हा नियम ते बाविसाव्या वर्षी शिकले. एक तरणा माणूस एका घरी घेऊन गेला, म्हणाला, माझ्या काकूची पेटी आहे, चावी विहिरीत पडली. चाचांनी पेटी उघडली, झाकणही स्वतःच वर केलं, मजुरी घेतली, घरी आले. तिसऱ्या दिवशी ती काकू माहेराहून परतली आणि पेटीत नुसतं फडकं होतं. पुतण्या सुरतेला. चाचांना कोणी काही म्हणालं नाही, पण अब्बांनी त्यांना दोन महिने कुलपाला हात लावू दिला नाही, नुसत्या दारांच्या बिजागऱ्या आणि खिडक्यांच्या खिट्या ठोकायला लावल्या. त्यानंतर सांगितलं: कुलूप ढिलं करणं आपलं काम, उघडणं मालकाचं. उघडल्यावर आत पाहायचं नाही. आतलं पाहिलं नाही तर आतलं गेल्याचं पाप डोक्यावर बसत नाही.

तेव्हापासून त्यांचे बाकीचेही कायदे. साबणावर उमटवून आणलेल्या ठशाची चावी करायची नाही, मग आणणारा देवमाणूस का असेना. कपाटाची चावी करायची तर घरची बाई समोर पाहिजे. एकदा एक साहेब बायकोच्या कपाटाचं कुलूपच काढून रुमालात बांधून घेऊन आले.

"हे तुमचं नाई."

"अहो, कपाट माझ्या पगाराचं आहे!"

"कपाट तुमचं असन, साहेब. कुलूप तिनं लावलं."

साहेब शिव्या देत गेले. असा हा माणूस. आणि असल्या माणसाबद्दल मी 'चोरांनी शिकवणी लावावी' लिहिलं. असो. पुढचं ऐका.

कार्तिकात जयवंताकाकू, काका आणि त्यांची सून कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले. सकाळी गेले, दिवस मावळायला आले. कुलूप जसंच्या तसं होतं. काकूंनी आपल्या चावीनं उघडलं, देवापुढं प्रसाद ठेवला, लुगडं ठेवायला कपाट उघडलं तर काकूंच्या सासूची पोत नाही, सुनेचे तोडे नाहीत, चांदीची समई नाही. काकू खाली बसल्या त्या उठेनात. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण पुढच्या अर्ध्या तासात कॉलनीनं जे केलं ते पाहून वाईट वाटायला जागाच उरली नाही, नुसता संताप उरला.

कुलूप फुटलं नाही, म्हणजे चावीनं उघडलं. चावीनं उघडलं, म्हणजे चावीवाल्यानं. मधुमालती कॉलनीत दोन इंजिनियर, तीन मास्तर आणि एक निवृत्त तहसीलदार राहतात. सगळ्यांचं डोकं मिळून गणित एवढंच झालं. कोणीतरी माझा मेसेज वर ओढून काढला. आमचे सेक्रेटरी नितेशभाऊ गावंडे यांनी त्याच्याखाली लिहिलं: 'पुरावा आपल्याच ग्रुपवर आहे. नाव वाचा.'

नाव वाचलं सगळ्यांनी. नाव वाचल्यावर पुढं काही वाचायची गरज कोणाला पडली नाही. मला ही वाचायची रीत ओळखीची आहे. मी इथं भाड्यानं घर पाहायला आलो तेव्हा माझं नाव 'सुगत' ऐकून तीन जणांनी 'पुढं काय?' विचारलं होतं, आणि आडनाव ऐकल्यावर दोघांचं घर अचानक पाहुण्यांसाठी राखीव निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शिपाई राजापेठला जाऊन चाचांना घेऊन गेले, हत्यारांच्या गुंडाळीसकट. तीन दिवस चौकीच्या बाकावर बसवलं. सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं. मी नंतर विचारलं, काय विचारलं तुम्हाला?

"काईच नाई. बसवलं."

"मारलं?"

"नाई रे. रस्त्यावरच्या बाकावर बसवलं. येनारा-जानारा पाहून राहिला होता ना, मंग मारायचं काय काम?"

चौथ्या दिवशी सोडलं, गुंडाळी ठेवून घेतली. तोवर नितेशभाऊंनी चौकीवर जाऊन चाचांचा बाकावरचा फोटो काढून आणला होता. तो मोठा करून कॉलनीच्या फाटकापाशी, चौकीदाराच्या खोलीच्या काचेवर चिकटवला. खाली लिहिलं: 'या व्यक्तीस प्रवेश नाही. सेक्रेटरी.' स्वतःच्या हातानं चिकटवला, चारी बाजूंनी चिकटपट्टी. त्या माणसानं आयुष्यात एवढं मन लावून केलेलं दुसरं काम मी पाहिलं नाही.

फोटो फाटकावर, पण वास राजापेठपर्यंत गेला. चावी करायला आलेली माणसं आधी पेटीकडे पाहत, मग चाचांकडे, मग म्हणत, उद्या येतो. ज्या शाळेची बावीस कुलपं चाचा दर उन्हाळ्यात तेलपाणी करून देत, त्या शाळेनं निरोप पाठवला, यंदा राहू द्या. कुलूपवाल्याचं सगळं भांडवल म्हणजे लोक त्याच्यापुढं चावी काढून ठेवतात, एवढंच. ते गेलं की उरते ती पत्र्याची चावी, आणि तिनं काहीच उघडत नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. दार बिस्मिल्लाबी चाचींनी उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अच्छा! लिखनेवाले तुम हो? बहोत अच्छा लिखते बेटा. पूरी अमरावती ने पढ लिया."

चाचा आत बसून एक जुनं कुलूप उलटंसुलटं करत होते. हत्यारं नाहीत, तर नुसतंच. मी उभ्या उभ्या म्हटलं, "चाचा, माझ्यानं चूक झाली."

"इस्क्रूचं लिवलं का पन?"

मी मोबाइल खिशात सारला.

"नाई लिवलं."

"विसरलो, चाचा."

"गंमत करायची ध्यानात राह्यली. कामाचं इसरला." ते चिडले नव्हते, म्हणूनच फार लागलं. मग त्यांनी विचारलं, "दरवाज्यायले रंग कवा मारला तुमी?"

"दिवाळीला. सगळ्यांना चॉकलेटी. कोयंड्यांवरूनसुद्धा फासला."

"मंग जाय. काकूच्या कोयंड्याचे इस्क्रू पाय. खाचीत रंग हाय का नाई, एवढंच पाय."

मी गेलो. काकूंच्या कोयंड्याच्या चारी इस्क्रूंच्या खाचा चकचकत होत्या. रंग खरवडून निघालेला, एक इस्क्रू तिरका बसलेला. मग मी एकेक दार पाहत गेलो. लोक खिडकीतून पाहत होते, आता हा कोणाचं काय चोरतो. बाकीच्या एक्केचाळीस दारांवर इस्क्रूंच्या खाचा चॉकलेटी रंगानं भरलेल्या. म्हणजे चोरानं कुलपाला बोटसुद्धा लावलं नाही. चार इस्क्रू काढले, कोयंडा कुलपासकट बाजूला केला, आत गेला, निवांत काम केलं, आणि जाताना इस्क्रू पुन्हा फिरवून गेला. आमच्या कंत्राटदारापेक्षा बरा कारागीर.

मी फोटो काढून ग्रुपवर टाकले. सगळं लिहिलं. यावेळी हसणारी तोंडं टाकली नाहीत. अंगठा एकही आला नाही. नितेशभाऊंचं उत्तर आलं: 'फोटोत आजकाल काहीही करता येतं. पोलिसांना त्यांचं काम करू द्या. सुरक्षा योजनेवर शंका घेणाऱ्यांनी आधी स्वतःचा भाडेकरार दाखवावा.'

कोयंडे नितेशभाऊंनीच आणले होते, त्यांच्या मेहुण्याच्या दुकानातून, हे मी सांगायचं विसरलो. मी बरंच विसरतो.

रविवारी सकाळी मी चाचांना फाटकापर्यंत घेऊन आलो. चौकीदारानं काचेवरचा फोटो पाहिला, चाचांना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"आत सोडता येनार नाई, चाचा. साहेबाचा हुकूम हाय."

"कोन जाऊन राहिलं आत?" चाचा तिथंच दगडावर बसले. "माह्यावाला आवाज जाऊ शकते ना? का त्याचा बी फोटो लावला?"

मी त्यांना फोन लावला, माझा मोठ्या आवाजावर केला आणि नितेशभाऊंच्या दारात गेलो. ते बाहेर येऊन दाराला कुलूप घालतच होते. सहकुटुंब लग्नाला निघालेले. भलंमोठं कुलूप, लहान मुलाच्या डोक्याएवढं. आरडाओरडा होणार हे ओळखून वीस-पंचवीस माणसं आपोआप जमली. जयवंताकाकूही आल्या, कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

"नितेशभाऊ, तुमचं कुलूप बंद आहे ना? ओढून पाहा."

"बंदच आहे. काहून?"

"चावी कुठं आहे?"

"माह्या खिशात. तुले काय करायचं?"

मी गाडीच्या डिकीतला पेचकस काढला, आठवीतल्या पोराच्या सायकलला लागतो तसला साधा. फोनमधून चाचांचा आवाज आला, "वरचा डावा पयले घे. रंग खरवड. जोर नको लावू, दाब दे अन् फिरव."

"ए, काय करून राहिला तू! ठेव ते!" नितेशभाऊ पुढं आले.

"करू दे त्याले," कोपऱ्यातून जयवंताकाकू म्हणाल्या. तीन आठवड्यांत काकू पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "माह्या घरचं गेलं, नितेश. मले पाहू दे."

एक इस्क्रू निघाला. दुसरा निघाला. माझ्यासारख्या माणसाच्या हातून, ज्याला आई घरात खिळासुद्धा ठोकू देत नाही. तिसरा निघाला. कोयंडा एका इस्क्रूवर लोंबायला लागला, आणि त्याच्यात ते भलंमोठं कुलूप, बंद. मी चौथ्याला हात घातला.

"थांब," फोन म्हणाला. "त्यायच्या हातात दे. शेवटचा फेरा मालकाचा."

कोणी हसलं नाही. मी पेचकस नितेशभाऊंपुढं धरला. ते इकडं पाहतात, तिकडं पाहतात. मागून निवृत्त तहसीलदार म्हणाले, "घ्या ना, गावंडे. दोनच वेढे उरले आहेत." नितेशभाऊंनी घेतला. फिरवला. कोयंडा सुटला, कुलूप-बिलूप सगळं धाडकन दारावर आपटलं आणि दार आपसूक आत गेलं. आत सोफा, सोफ्यावर वाळत घातलेले पायमोजे, टीव्ही चालूच राहिलेला. खिशात चावी आणि समोर उघडं घर. मी पाठ फिरवली. त्या घडीला का कोण जाणे, मला तसंच करावंसं वाटलं.

"तीन मिनिट," फोन म्हणाला. "कुलपाले चार लागते."

मग सगळा लोंढा फाटकाकडे आला. ज्यांनी अंगठा दिला नव्हता तेच आता पुढं. 'चाचा, आमचं पाहा', 'चाचा, आजच बोल्ट टाकून द्या.' नितेशभाऊ मागं होते. ते चौकीदाराला म्हणाले, "काढ रे तो फोटो. अन् येऊ दे त्यायले आत."

चौकीदार उठला. चाचा दगडावरून उठले नाहीत.

"त्यानं नाई लावला."

"काय?"

"फोटो. चौकीदारानं नाई लावला. ज्यानं लावला त्यानं काढावा." आणि मग काचेकडे पाहत, "लै खराब आला बी तो. मी एवढा म्हातारा नाई दिसत."

सगळे नितेशभाऊंकडे वळले. त्यांनी नखानं चिकटपट्टी उकरायला घेतली. लावताना मन लावून लावलेली, सहज निघते थोडी! तीन बाजू निघाल्या, चौथीला कागद फाटला. कपाळ तेवढं काचेवर राहिलं. माफीचा शब्द काढला नाही. 'गैरसमज झाला' म्हणाले. ज्यानं कोयंडे बसवले, फोटो चिकटवला, खाली लिहिलं, त्याचा गैरसमज. आणि जो तीन दिवस बाकावर बसला त्याचं काय झालं, याला आपल्या कॉलनीत शब्दच नाही.

चाचा आत आले. पहिलं दार जयवंताकाकूंचं केलं. हत्यारं माझ्याकडची, बोल्ट बाजारातले. बोल्ट आरपार, आतून नट, आणि नटावर हातोडीचा एक टोला, की पुन्हा फिरू नये. काकूंनी चहा बाहेर आणून दिला. चोर अजून सापडलेला नाही. तपास चालू आहे, म्हणतात.

पुढच्या आठवड्यात चौकीवरून गुंडाळी परत मिळाली. चाचांनी ती तिथंच टेबलावर उलगडली, एकेका खणावर बोट ठेवत गेले आणि एका खणाशी थांबले. तिधारी कानस नव्हती. अब्बांची, बाभळीच्या मुठीची. दोन पिढ्यांच्या अंगठ्यानं मुठीला खळगा पडलेला. चावीचे दाते शेवटी त्याच कानशीनं उतरवायचे.

हवालदारांनी पंचनामा काढला. "वाचा. कानशी दोन, चिमटे तीन, हातोडी एक, तारा, चाव्यांचे पत्रे, इत्यादी. दोन कानशी दिल्या की नाही?"

"साहेब, तीन होत्या."

"तिसरी इत्यादीत असेल."

"मग इत्यादी द्या ना!" मी म्हटलं.

"तू कोण?"

"मी लिहिणारा," मी म्हटलं. चाचांनी माझा दंड धरून बाहेर आणलं.

मी बाजारातून नवी तिधारी कानस आणून दिली, होती त्यात चांगली. चाचांनी ती हातात तोलली, अंगठा ठेवला, अंगठ्याला जागा सापडेना. ठेवून घेतली, माझ्या मनासाठी. शाळेच्या कुलपांचं बोलावणं परत आलं. राजापेठला लोक पुन्हा चाव्या काढून ठेवतात. पण आई तेल्हाऱ्याहून आली तेव्हा तिच्या कपाटाची चावी तुटली होती, ती चाचांनी नव्या कानशीनं करून पाहिली, दोनदा. दोन्ही वेळा आत अर्ध्यावर अडकली.

"केशरबाई, हे जमून नाई राहिलं," ते आईला म्हणाले. "माही कानस आली का करून देतो. तवरक उघडंच राहू द्या."

"राहू द्या, भाऊ. आहे काय त्याच्यात!" आई म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "तूच आणून देजो. तुह्याच्यानं गेली."

म्हणून मी दर सोमवारी ड्यूटीच्या आधी चौकीवर जातो. हवालदार आता मला ओळखतात, लांबूनच हात हलवतात, नाही म्हणून. मी तरी बाकावर दहा मिनिटं बसून येतो. आईचं कपाट उघडंच आहे.